मचमचे आजोबा

ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी इथूनच माघारी फिरावं, मला वाद घालायचा नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, देवश्रीच्या घरात हे घडलंय. तिने ते मला हायडेलबर्गला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, समोरचा चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत.

आणि रात्रबित्र काही नाही हं. ड्रेस्डेन शहर, दोन हजार आठचा हिवाळा, सगळं दिवसाढवळ्या घडलेलं.

एक मात्र सांगून ठेवते.

जेवता जेवता वाचू नका.

देवश्री पुण्याची, कॉम्प्युटरवाली. नवरा सिद्धांत तिथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर. मुलगी मुक्ता, तीन वर्षांची व्हायला आलेली. दिसायला अशी गोड की बघताक्षणी दृष्ट काढावी.

पण बोलत नव्हती.

एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, साधं "दे" नाही. कान तपासले, कान ठणठणीत. किटामधल्या, म्हणजे तिथल्या बालवाडीतल्या बाईंनी लोगोपेडीला पाठवलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई असतात तिथे. त्या म्हणाल्या, घरात मराठी, बाहेर जर्मन, वेळ लागतो, धीर धरा.

पुण्याला सासूबाई होत्या, मनोरमाबाई. त्यांना कसला आलाय धीर! दर रविवारी फोनवर सुरू व्हायच्या. "नाव ठेवलंत मुक्ता आणि पोर निघाली मुकी. तू दिवसभर त्या यंत्राला शिकव. पोटच्या पोरीला कोण शिकवणार?"

देवश्री "हो आई" म्हणायची, फोन ठेवायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडायची. तिला दुसरं काही नको होतं. पोरीने एकदा आपल्याला "आई" म्हणावं, बस.

सासूबाई म्हणत ते यंत्र काय होतं, तेही सांगते. एका छोट्या कंपनीत देवश्री कामाला होती. माणसाने माइकमध्ये बोलायचं आणि कॉम्प्युटरने ऐकून आपोआप टाईप करायचं, असलं सॉफ्टवेअर ते बनवत. तेही कुठल्या भाषेत? स्लोव्हाक! आणि काय टाईप करायचं? कोर्टाचे निकाल! तिकडचे न्यायाधीश, वकील तोंडाने मजकूर सांगणार आणि पडद्यावर निकालपत्र उमटणार.

देवश्रीला स्लोव्हाकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. भाषेचं बघायला झुझाना होती, स्लोव्हाकियातल्या कोशित्से गावची, कायदा शिकलेली. दोघींची टेबलं शेजारी, दोघींचं बोलणं जर्मनमध्ये. देवश्रीला स्लोव्हाकचे दोनच शब्द ओळखता यायचे. मजकूर सांगताना विरामचिन्हंसुद्धा तोंडाने म्हणावी लागतात ना, नाहीतर मशीनला कळणार कसं? स्वल्पविराम आला की "चिआर्का" म्हणायचं, पूर्णविराम आला की "बोत्का". बोत्का म्हटल्याशिवाय मशीन टिंब देत नसे.

आता किळसवाणा भाग.

मशीनला बोलणं शिकवावं लागतं, तसं न बोलणंही शिकवावं लागतं. श्वास, खोकला, ओठ सुटल्याचा आवाज, घोट गिळल्याचा आवाज. हे शब्द नाहीत, हे सोडून दे, असं सांगावं लागतं. नाहीतर ते खोकल्याचाही शब्द करून ठेवतं. म्हणून कुणीतरी हेडफोन लावून प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकायचं आणि असला प्रत्येक आवाज खुणेने वेगळा काढायचा. ते काम देवश्रीकडे होतं.

बोलणाऱ्यांना नावं नव्हती, नंबर होते. त्यातला एक्केचाळीस नंबर म्हणजे एक म्हातारा वकील.

शी!

कवळी सैल असावी त्याची. प्रत्येक वाक्याआधी ओठ सुटायचे... मच. मग कवळी हिरडीवरून सरकायची. मग तोंडात साठलेली लाळ जिभेने इकडून तिकडे. मग घोट. तो घोट घशातून खाली जाताना शेवटपर्यंत ऐकू यायचा. माइक अगदी ओठांना चिकटवून बसायचा बहुतेक. देवश्री सांगते, कानात कुणी ओलं बोट फिरवल्यासारखं व्हायचं. दर थोड्या वेळाने ती हेडफोन काढायची आणि रुमालाने कान पुसायची. कोरडेच असायचे कान, तरी पुसायची. दुपारचा डबा तिने सोडला. कुणाचं चावणं ऐकवेना.

चिडून चिडून तिने त्याला नाव ठेवलं. मचमचे आजोबा.

आपल्याकडे कसं आहे बघा. म्हातारा दिसला की आजोबा. भाजीवाले आजोबा, बसमधले आजोबा, रस्ता चुकलेले आजोबा. जर्मन माणूस रस्त्यावरच्या कुणालाही ओपा म्हणणार नाही. आपण बेलाशक म्हणतो. नातं जोडतोय हे मनातसुद्धा येत नाही.

आणि बाईसाहेब तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

लोगोपेडीच्या बाईंनी घरी सराव दिला होता. मुलीसमोर बसा, गमतीदार आवाज काढा, तिला तुमच्या तोंडाकडे बघू दे. देवश्रीला दिवसभर ऐकून कुठला आवाज पाठ झालेला असणार? ती मुक्ताला समोर बसवून म्हणायची, "मचमचे आजोबा कसं खातात? मच, मच, मच!"

मुक्ता खदखदून हसली. पहिल्यांदा एवढी हसली. आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. देवश्रीला आभाळ ठेंगणं झालं.

मग रोजचा खेळच झाला तो. समोरची रिकामी खुर्ची ओढायची आणि हाक मारायची. "या आजोबा, या! बसा! आमच्या मुक्ताशी बोला हो थोडं!"

मुक्ताला खरे आजोबा नव्हतेच. दोन्हीकडचे तिच्या जन्माआधी गेलेले. नात्याची जागा मोकळी होती आणि माझ्या बहिणीने दार उघडून वर हाकही मारली.

इकडे कंपनीत घाई चाललेली. न बोललेल्या आवाजांसाठी मशीनला भरपूर नमुने हवे होते, आणि मचमच्या आजोबांएवढे स्वच्छ आणि मुबलक नमुने कुणाकडे असणार? देवश्रीने त्यांच्याच रेकॉर्डिंगमधून सगळे आवाज कापून घेतले. ओठ, जीभ, कवळी, लाळ, घोट. एका माणसाचं अख्खं तोंड मशीनच्या आत बसवलं म्हणा ना.

मग चाचणी आली.

ऑफिसात आवाज घ्यायची एक लहानशी खोली होती. भिंतींना स्पंज, काचेची खिडकी, मध्ये माइक. चाचणी सोपी होती. खोली रिकामी ठेवायची, माइक चालू करायचा, दार लावून घ्यायचं. कुणी बोलत नसताना मशीनने काही लिहिता कामा नये, एवढंच बघायचं.

देवश्रीने दार लावलं आणि बाहेर आपल्या टेबलाशी येऊन बसली. दुपार होती. बाहेरून ट्राम गेल्याचा आवाज आला आणि विरला.

पडदा कोरा होता.

मग एक खूण उमटली... ओठ.

दुसरी खूण... घोट.

पुन्हा ओठ. पुन्हा घोट. ओठ, ओठ, घोट.

देवश्रीने काचेतून आत पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

आणि पडद्यावर सरसर एक ओळ उमटली. शेवटी टिंब.

"झुझाना, हे काय लिहिलंय गं?"

झुझाना खुर्ची सरकवत आली, वाचलं आणि हसली. "अगं, घटस्फोटाच्या निकालात असतं हे. अल्पवयीन एम. हिला आजोबांच्या ताब्यात देण्यात येत आहे. कोर्ट मुलांची पूर्ण नावं लिहीत नाही, आद्याक्षर लिहितं. मशीनला आपण असले हजारो निकाल खायला घातलेत. काहीतरी खरखर ऐकू आली की ते त्यातलंच ओकणार."

"आजोबांच्या?"

"आल्झो... म्हणजे, बहुतेक वेळा आईच्या असतं. किंवा वडिलांच्या." झुझानाने खांदे उडवले. "पण आजोबांच्याही देतात कधी कधी."

एम. म्हणजे मुक्ता, असं देवश्रीच्या डोक्यात आलं आणि तिने ते झटकून टाकलं. एम.वरून नाव असलेल्या मुली जगात कमी आहेत का?

पण टिंब कुठून आलं?

तिने त्या रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. आवाज पूर्ण वाढवला. नुसती सूं... सूं... मग शेवटी, माइकला ओठ चिकटवून कुणीतरी हळूच म्हणालं...

"बोत्का."

आणि घोट गिळला.

देवश्रीने हेडफोन फेकला. जरा वेळाने तिने झुझानाला विचारलं, "तो एक्केचाळीस नंबर आता कुठे असतो?"

"तो होय? वारला की गेल्या हिवाळ्यात." झुझानानेच कोशित्सेला त्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. "फार एकटा होता बिचारा. बोलावलं नसलं तरी यायचा. समोर बसून कुणीतरी ऐकतंय, एवढ्यासाठी यायचा. मध्ये सुट्टी झाली की कवळी काढून रुमालात ठेवायचा आणि पाव चघळायचा. मलाही द्यायचा त्यातला. शी, मी नाही खायचे. मुलगी होती त्याला, पण ती नातीला भेटू द्यायची नाही म्हणे. का, ते मी विचारलं नाही."

त्यानंतरचा शनिवार. सिद्धांत कारखान्यात होता. देवश्रीने मुक्ताला वरणभात कालवून दिला आणि ताक घुसळायला ओट्याकडे वळली.

मागून आवाज आला... मच, मच.

तिला वाटलं, मुक्ता खेळतेय. आपणच शिकवलंय.

मच, मच, मच... घोट.

तो घोट मोठ्या माणसाचा होता.

ती वळली. वरणभाताला हात लागला नव्हता. मुक्ता रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसली होती. मान वर, चोच वासलेल्या पिल्लासारखा आ केलेला. गालावर, हनुवटीवर ओलं लागलेलं. आणि तोंडात काहीतरी होतं.

देवश्रीने बोट घालून ते बाहेर काढलं.

चावून चोथा केलेला पाव. काळा, जिऱ्यासारखे दाणे असलेला. तसला पाव त्यांच्या घरात कधी येत नसे. पुरता लगदा झालेला, बुळबुळीत, आणि कोमट. तिच्या बोटापासून पोरीच्या ओठापर्यंत लाळेची तार लोंबत होती. वास असा की नाकातले केस जळावेत. न धुतलेल्या कवळीचा वास.

आपल्याकडेही पूर्वी म्हातारी माणसं घास चावून मऊ करून नातवंडांना भरवत. माया असायची त्यात, माहीत आहे मला. पण ऐकता ऐकता मी माझा चहा बाजूला सारला, खोटं कशाला बोलू?

देवश्रीने मुक्ताचं तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. साबण लावला तशी पोर रडायला लागली. सिद्धांत घरी आल्यावर तिने त्याला तो लगदा दाखवला, कागदात बांधून ठेवला होता.

"किटामधून आणला असेल गं खिशात," आमचे जावईबापू म्हणाले.

"अरे, शनिवारी किटा असतं का?"

"मग कालचा असेल. देवू, तू फार दमली आहेस."

झालं! बाई काही बोलली की ती दमलेली असते.

आणि खरी गोम पुढेच आहे. त्याच आठवड्यात लोगोपेडीच्या बाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. मुक्ताचे ओठ हलत होते. घशातून आवाज निघत होते. "काय केलंत घरी? जे करताय ते सोडू नका हं!" त्या म्हणाल्या.

आता सांगा, आईने काय करावं? त्याला हाकललं आणि पोर पुन्हा गप्प झाली तर? देवश्री काही दिवस गप्प बसली. जेवताना मागून मचमच ऐकू आली की डोळे मिटून घ्यायची. पोरीचे कपडे हनुवटीखाली भिजलेले असत, ते चिमटीत धरून मशीनमध्ये टाकायची. एकदा मुक्ताच्या कानातही ओलं लागलेलं दिसलं. कुणीतरी कानाला तोंड लावून बोलत असावं तसं.

तेव्हा मात्र तिचा संयम सुटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या ती त्या काचेच्या खोलीत शिरली. झुझानाला म्हणाली, "मशीन चालू कर आणि पडद्याकडे बघत राहा." दार लावून घेतलं, माइक ओढला आणि सरळ मराठीत सुरू झाली.

"ऐका. तुम्ही आमचे कोणी नाही. चुकून आजोबा म्हटलं मी, तो शब्द परत घेते. तुमचं आमचं नातं नाही. माझ्या मुलीला हात लावायचा नाही. तिला भरवायचं नाही. निघा इथून."

काचेपलीकडे झुझाना पडद्याकडे बघत होती. बघता बघता तिचं हसू मावळलं.

देवश्री बाहेर आली. "काय लिहिलं?"

"तू काय बोललीस आत?"

"ते जाऊ दे. काय लिहिलं त्याने?"

झुझानाने वाचून दाखवलं. एकच वाक्य होतं. "अपील फेटाळण्यात येत आहे."

पुढे टिंब.

झुझाना लगेच समजूत घालायला लागली. मशीनला मराठी येत नाही, जे कानावर पडेल ते कायद्याच्या शब्दांत बसवणार, गेनाऊ, अगदी हेच, दुसरं काय करणार? पण त्या काचेच्या खोलीत ती पुन्हा एकटी कधी गेली नाही.

देवश्रीने त्याच दुपारी सगळं पुसलं. त्या माणसाचा एकूण एक आवाज काढला. ओठ काढले, जीभ काढली, घोट काढला. दुसऱ्या दहा जणांचे आवाज गोळा करून मशीन नव्याने शिकवायला लावलं. ते शिकून झाल्यावर रिकाम्या खोलीची चाचणी पुन्हा घेतली.

पडदा कोरा राहिला. खूण नाही, शब्द नाही, टिंब नाही. मशीन अगदी स्वच्छ झालं होतं.

कितीतरी दिवसांनी ती हलक्या मनाने निघाली. किटामधून मुक्ताला घेतलं, घरी आणलं, खुर्चीत बसवलं. स्वयंपाकघर शांत होतं. मागून आवाज नाही. रिकामी खुर्ची नुसती खुर्ची होती. देवश्रीने दहीभात कालवला आणि पोरीसमोर गुडघे टेकून बसली.

"बाळा, घास घे."

मुक्ताने आईकडे पाहिलं.

तिचे ओठ सुटले... मच.

तिची जीभ तोंडातून गोल फिरली. दुधाच्या दातांमागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. त्या एवढ्याशा गळ्यातून एक जाड, ओला घोट सावकाश खाली उतरला... आणि मग ती बोलली.

"आई."

स्वच्छ, गोड, लहान मुलीच्या आवाजात.

देवश्रीच्या हातातला घास गळून पडला. ती सिंककडे धावली आणि भडाभडा ओकली. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबेनात. मुक्ता खुर्चीवरून उतरून मागे आली, आईचा कुर्ता धरला आणि ओलं तोंड वर करून म्हणत राहिली. मच... आई. मच... आई.

सिद्धांत आला तो नाचलाच. पोरीला उचलून मटामटा मुके घेतले. पुण्याला फोन लावला, मनोरमाबाई ढसाढसा रडल्या, "किती गोड बोलतेय गं माझी बाय!" म्हणाल्या. सिद्धांतला ती मचमच ऐकू येते, येत नाही असं नाही. लहान मुलं ओठ चाटतातच, म्हणतो.

हे सगळं सांगून झाल्यावर देवश्री माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तीन वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो आला आणि उष्टा आला गं. आधी दुसऱ्याच्या तोंडात घोळून आला. मला तो घेववत नाही. माझीच पोर आहे, माया का नाही मला? पण ती मुका द्यायला जवळ आली की मला शिसारी येते."

मी रागावलेच. "वेड लागलंय का तुला? आई आहेस ना तू?"

तिच्याबरोबर आलेली मुक्ता आतल्या खोलीत खेळत होती. आमचे आवाज ऐकून आली. हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं. लेकराच्या जातीने आईपुढे धरलं.

"आई, घे."

देवश्री झटकन मागे सरकली, खुर्ची आडवी पडली. पोर हात तसाच पुढे धरून उभी. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. मला बघवेना ते. मी पुढे झाले, म्हटलं, "मावशीला दे गं राणी," आणि ते बिस्किट तोंडात टाकलं. चावलं, गिळलं. काही झालं नाही. बिस्किट होतं ते. मुक्ता हसली आणि आत पळाली.

"बघ," मी देवश्रीला म्हणाले, "मेले का मी?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. थोड्या वेळापूर्वी पोरीच्या तोंडाकडे बघत होती, तश्शीच.

त्यानंतर तिने माझ्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. आता फोनच करते, तोही क्वचित. मुक्ता शाळेत जाते. मराठी, जर्मन, दोन्ही फडाफडा बोलते. सगळे कौतुक करतात.

मला भुताखेतांचं काही कळत नाही आणि मी कुणाला काही समजावतही नाही. एवढंच आहे की आमचे हे हल्ली माझं बोलणं मध्येच तोडतात. परवा तर पाहुण्यांसमोर म्हणाले, "अगं, आधी तोंडातलं गिळ, मग बोल."

तोंडात काही नसतं माझ्या.